लेकराला मागे बसवून भंडारदऱ्याचा फेरा : सायकल आणि तंबूची पहिली डोंगरी सफर

आमची लेक साडेतीन वर्षांची होती तेव्हा आम्ही नवरा-बायको तिला घेऊन भंडारदऱ्याच्या जलाशयाला सायकलवर पहिल्यांदा फेरा मारायला निघालो. त्या वेळी आम्ही सगळा हिशेब किलोमीटरचा केला होता. सकाळी दहाला निघालो, दुपारी ऊन डोक्यावर घेतलं, लेक सीटवरच पेंगली, तिची मान एका बाजूला कलंडली आणि अंधार पडता पडता मी रडवेली होऊन तंबूच्या खुंट्या ठोकत होते. दुसऱ्या वर्षी त्याच रस्त्यावर आम्ही तीन दिवस लावले आणि दिवस लेकीच्या झोपेभुकेवर आखला. तोच रस्ता, तेच चढ, पण या वेळी तिघंही मजेत होतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी त्या अनुभवावरून हे लिहिते आहे.

मूल केवढं हवं

एक वर्षाच्या आतलं बाळ सायकलवर नकोच. हेल्मेटचं वजन आणि रस्त्याचे धक्के सोसण्याइतकी त्याची मान तयार झालेली नसते. माझ्या मते डोंगरातल्या पहिल्या मुक्कामी सफरीला अडीच ते पाच हे वय चांगलं. मूल बोलून सांगू शकतं, सीटवर नीट बसतं आणि अजून फार जड झालेलं नसतं. मागच्या सीटची मर्यादा बहुतेक कंपन्या २२ किलो सांगतात, पुढच्या सीटची १५. दुकानात जाण्याआधी मुलाचं वजन करून घ्या. मूल २० किलोच्या पुढे गेलं असेल तर वर्षभरात ती सीट निकामी होईल.

मुलांना बसवायची चाकांची गाडी, म्हणजे ट्रेलर, सायकलला मागे जोडता येते. ती जमिनीलगत असते, त्यामुळे तोल चांगला राहतो आणि मूल आत झोपूही शकतं. पण आपल्याकडे ती सहज मिळत नाही, महाग पडते, आणि अरुंद घाटरस्त्यावर मागून येणाऱ्या जीपला ती उशिरा दिसते. घ्यायचीच असेल तर उंच काठीचा भगवा झेंडा लावल्याशिवाय रस्त्यावर आणू नका. आम्ही सीटच वापरतो.

सायकल : गिअर आणि ब्रेक

नव्या माणसाला वाटतं, हलकी सायकल हवी. मूल मागे बसल्यावर एखाद-दोन किलोने फरक पडत नाही. फरक पडतो तो सगळ्यात हलक्या गिअरने. पुढचं सगळ्यात छोटं चक्र २२ दातांचं आणि मागचं सगळ्यात मोठं ३४ दातांचं असलेली साधी माउंटन बाइक या कामाला उत्तम. २६ इंची चाकावर या गिअरमध्ये मिनिटाला ६० वेळा पेडल फिरवलं तर वेग ताशी पाच किलोमीटरच्या आसपास येतो. म्हणजे चालण्याचा वेग. चढावर तेवढाच पुरे, आणि गुडघे शाबूत राहतात. एकच चक्र पुढे असलेली शहरी सायकल किंवा रोड बाइक घेऊन आलात तर निम्मा घाट ढकलत चढावा लागेल. ढकलण्यात कमीपणा काही नाही, पण सोळा किलोचं मूल मागे बसलेलं असताना सायकल ढकलणं हे चालवण्यापेक्षा कठीण असतं, कारण हँडल वळतं आणि मागचा भार कलंडतो. ढकलायचीच वेळ आली तर मुलाला उतरवा, तेही चालतं.

मागे मूल असलं की पुढचं चाक हलकं होतं. तीव्र चढावर उभं राहून पेडल मारू नका. सीटच्या टोकाशी सरकून बसा, कोपर खाली ठेवा. टायर पावणेदोन ते दोन इंच रुंद असावेत, आणि मागच्या चाकाला निदान ३२ स्पोक हवेत. ३६ असतील तर आणखी चांगलं. निघण्याआधी दुकानदाराकडून मागचं चाक ट्रू, म्हणजे न डुलता सरळ फिरेल असं, करून घ्या आणि त्याला सांगा की मागे मूल बसणार आहे. तो स्पोक जरा जास्त लक्ष देऊन ताणतो.

उताराबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण चढावर माणूस दमतो पण अपघात होतात ते उतारावर. ब्रेक सतत दाबून धरू नका. डिस्क तापते आणि पकड सुटायला लागते. रिमचे ब्रेक असतील तर तापलेल्या रिममुळे ट्यूब फुटू शकते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून वेग उतरवा, मग सोडा, पुन्हा दाबा. लांब उतारावर दर दोन किलोमीटरला थांबायचं, मुलाला खाली घ्यायचं, पाणी द्यायचं. तेवढ्यात ब्रेकही निवतात. मूल मागे असताना माझा वेग ताशी वीसच्या वर जात नाही. निघण्याआधी ब्रेक पॅड नवे घाला आणि एक जोड सोबत ठेवा.

सीट आणि हेल्मेट विकत घेताना

सीटला पायाचे पट्टे आणि चाकाकडे पाऊल जाऊ न देणारी आडोशाची पट्टी हवीच. तुमच्या सीटखाली स्प्रिंग असतील तर त्या कापडाने किंवा जुन्या ट्यूबने गुंडाळा. मूल पुढे हात घालतं आणि बोटं त्यात सापडतात. पाठ थोडी मागे कलणारी सीट मिळाली तर ती घ्या.

हेल्मेट घेताना एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. ज्या हेल्मेटचा मागचा भाग फुगीर असतो, तो सीटच्या पाठीला टेकतो आणि मुलाची मान पुढे ढकलली जाते. दिवसभर मूल कुरकुरतं आणि आपल्याला कळत नाही का. मागून सपाट असलेलं हेल्मेट शोधा, आणि शक्य असेल तर मुलाला सीटवर बसवूनच घालून पाहा.

सायकलवर चढताना आधी मोठ्या माणसाने पाय टाकायचा, सायकल घट्ट धरायची, मग दुसऱ्याने मुलाला बसवायचं. उतरताना उलट : मूल आधी, आपण नंतर. स्टँडवर लावलेल्या सायकलवर मुलाला एक क्षणही ठेवू नका. मऊ मातीत स्टँड रुततो आणि सायकल मुलासकट आडवी होते.

तालीम घरी करा

पहिल्या आठवड्यात मुलाला बसवूच नका. १५ किलो तांदळाचं पोतं सीटला पट्ट्यांनी बांधा आणि सोसायटीच्या आवारात, मग जवळच्या चढावर चालवा. सायकल कशी झुलते, थांबताना कुठे झुकते, हे पोत्यावर कळलेलं बरं. मग मुलासोबत पाच किलोमीटर, पुढच्या रविवारी पंधरा. त्यानंतर चढाची सवय : पुणेकरांना पानशेतचा रस्ता आहे, नाशिककरांना गंगापूर धरणाकडचा. पहाटे निघा, शनिवार-रविवारच्या गाड्या सुरू व्हायच्या आत परत या.

तंबूचीही तालीम लागते. एक रात्र गच्चीवर झोपा. मुलाला रात्री अंधारात जाग आली तर ते कुठे आहे हे त्याला ओळखू यावं, बॅटरी कुठे ठेवलीय ते माहीत असावं. आमची लेक गच्चीवरच्या पहिल्या रात्री दोनदा रडली, डोंगरात एकदाही नाही.

सामान कुणाकडे किती

दोघं मोठे असाल तर वाटणी सोपी. ज्याच्या मागे मूल, त्याच्याकडे फक्त पाणी, खाऊ, औषधं आणि मुलाचं एक जाकीट. तंबू, स्लीपिंग बॅगा, भांडी, हत्यारं हे सगळं दुसऱ्याच्या सायकलवर, दोन्ही बाजूंच्या पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरला अडकवायच्या पिशव्यांत, सारख्या वजनाने, जड वस्तू तळाशी. एकटं जाणार असाल तर पहिल्या खेपेला तंबू नेऊ नका. गावातल्या घरी मुक्काम करा.

हत्यारांत दोन ट्यूब, पंक्चर किट, पंप, ॲलन की, चेन जोडायची कडी, स्पोकची चावी आणि थोडी बारीक तार. भंडारदऱ्याच्या आतल्या गावांत मोटरसायकलचं पंक्चर निघेल, पण गिअरच्या सायकलचे भाग मिळणार नाहीत.

मुलाचे कपडे मोजताना एक लक्षात घ्या : आपण चढावर घामाने भिजलेलो असतो तेव्हा मूल मागे स्वस्थ बसून गारठत असतं. सकाळी सात वाजता मी टी-शर्टवर असते आणि लेक स्वेटर, कानटोपी, मोज्यांत. दर अर्ध्या तासाला तिच्या मानेला मागून हात लावून बघते. हाताची बोटं गार असली तरी चालतात, मान गार लागली की थर वाढवायचा. दुपारी उलटं, आधी तिला ऊन लागतं, कारण तिच्यापर्यंत वारा पोचत नाही.

कधी जायचं

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोनकीची पिवळी फुलं उतरणीला लागलेली असतात, मग भाताची कापणी सुरू होते आणि खळ्यांवर मुलांना बघायला खूप काही असतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंडी बोचरी असते. पारा दहाच्या खाली जाऊ शकतो. या फेऱ्यावरचा घाटघर परिसर महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांपैकी एक आहे. पावसाळ्यात इथे धुकं, निसरडे रस्ते आणि पर्यटकांच्या गाड्या असतात, तेव्हा मुलाला सायकलवर आणू नका. मे-जूनमध्ये काजवे बघायला येणारी गर्दी रात्रभर रस्त्यावर असते, तीही टाळा. आणि वर्षातल्या कुठल्याही महिन्यात, जमल्यास सोमवार ते गुरुवार.

रस्ता

पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर करत धरणाजवळच्या शेंडी गावाला यायचं. मुंबई-नाशिककडून घोटीला वळून, कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून. सायकली गाडीवर बांधून आणा. मूल मागे घेऊन कसारा घाट चढायचा विचारही करू नका, तिथे ट्रकच ट्रक असतात. शेंडीत एखाद्या खानावळवाल्या काकांना विचारून गाडी त्यांच्या अंगणात लावा, तीन दिवसांचं काय ते ठरवून द्या.

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता ४० ते ५० किलोमीटर भरतो. १९२६ साली प्रवरेवर विल्सन धरण पूर्ण झालं, त्याच्या मागे हे पाणी साठलं आहे. सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे चौकीवर प्रवेशाचे पैसे भरून पावती घ्यायची आणि ती फेरा पूर्ण होईपर्यंत जपायची.

पहिला दिवस शेंडीहून मुतखेलमार्गे रतनवाडी, विसेक किलोमीटर. चढउतार आहेत, पण दमवणारा लांब घाट नाही. पावसाळ्यानंतर खड्डे असतात, म्हणून पुढे दुसऱ्या सायकलने चालायचं आणि खड्डा दिसला की ओरडून सांगायचं. साडेसहाला निघालात तर मधल्या सावलीत तासभर थांबूनही साडेअकराला पोचता. मग जेवण, मुलाची झोप, आणि चारला अमृतेश्वराच्या देवळात. हे जुनं दगडी देऊळ आणि त्याजवळची पुष्करणी मुलांना फार आवडते. कोनाड्यांत कोण बसलंय ते बघण्यात आमचा अर्धा तास गेला. पुष्करणीच्या पायऱ्या उतरताना मात्र मुलाचा हात सोडू नका. रतनवाडीच्या मागे रतनगड उभा आहे. त्याच्याआड सूर्य लवकर जातो, म्हणून तंबू पाचच्या आत लावून टाका.

दुसरा दिवस अंतराने सगळ्यात लहान आणि चढाने सगळ्यात जड : रतनवाडी ते साम्रद आणि पुढे घाटघर. इथे मी लेकीला दोनदा उतरवून चालवलं. तिने रस्त्यावरचे दगड गोळा केले, मी श्वास घेतला. साम्रदजवळची सांदण दरी प्रसिद्ध आहे, पण छोटं मूल घेऊन आत उतरू नका. मोठमोठे खडक आहेत आणि पाण्यातून जावं लागतं. घाटघरला कोकणकडा आहे. तिथून खाली कोकण दिसतं. कठड्याच्या अलीकडे बसा आणि मुलाला मांडीवर धरून दाखवा. वारा जोराचा असतो.

तिसऱ्या दिवशी घाटघरहून उडदावणे, पांजरे, मुरशेत करत जलाशयाच्या उत्तर बाजूने शेंडी. उजवीकडे पाणी, समोर सकाळचं ऊन, म्हणून मुलाला गॉगल किंवा पुढे छज्जा असलेली टोपी हवी. टोपी पातळच घ्या, हेल्मेटखाली जाडी वाढली की पट्टा सैल बसतो.

दिवसाचं वेळापत्रक

सलग चाळीस मिनिटांच्या वर मूल सीटवर ठेवू नका. थांबा म्हणजे खरा थांबा : हेल्मेट काढायचं, पळू द्यायचं, शू, खाऊ. झोप आली की उतरवून चटईवर झोपवा. सीटवर झोपलेल्या मुलाची मान लटकते आणि वळणावर सायकलचा तोलही जातो. दुपारी साडेअकरा ते साडेतीन रस्ता बंद, हा आमच्या घरचा नियम आहे. दिवसाला पंचवीस किलोमीटरच्या वर अंतर धरू नका, आणि अंतरापेक्षा आधी चढ मोजा. फोनवरच्या नकाशात दिवसाची एकूण चढण चारशे-पाचशे मीटरपेक्षा जास्त दिसली तर दिवसाचे दोन दिवस करा.

खाऊ साधा : खजूर, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, दशम्या. दशमी दुधात भिजवलेली असल्यामुळे दोन दिवस मऊ राहते. पाणी माणशी तीन लिटर घेऊन निघा आणि प्रत्येक गावात भरा. मुलासाठी उकळलेलंच. दुपारचं आणि रात्रीचं जेवण गावात सांगून ठेवता येतं. रतनवाडीतल्या एका मावशींनी लेकीसाठी बिनतिखटाचं पिठलं वेगळं केलं, नाचणीची भाकरी दुधात कुस्करून दिली आणि "पोरगी दमली, तिला आधी जेवू द्या" म्हणून आम्हाला बसवून ठेवलं. इथे महादेव कोळी आणि ठाकर समाजाची घरं आहेत. जेवण सांगताना भाव आधी विचारा, ठरलेले पैसे द्या, आणि मुलाने घातलेला पसारा स्वतः आवरा.

तंबू कुठे लावायचा

पाण्याच्या अगदी काठावर नको. फोटोत ती जागा सुंदर दिसते, पण जलाशयाचा काठ निसरडा आहे, पाणी काही पावलांतच खोल होतं आणि मूल पहाटे तुमच्याआधी उठतं. गावकऱ्यांच्या ठरलेल्या जागेवर, घरांच्या हाकेच्या अंतरावर, विचारून तंबू लावा. जंगलात आत एकटे राहू नका. या अकोले तालुक्यात बिबट्या आहे. तिन्हीसांजेनंतर मूल हाताच्या अंतरावर ठेवायचं, रात्री शू करायलाही मोठ्या माणसाने बॅटरी घेऊन सोबत जायचं. मोठ्या झाडाखाली किंवा कड्याखाली जागा निवडताना वर आग्या मोहोळ आहे का ते बघा. मोहोळ असेल तर धूर करू नका, तिथून निघून जा.

जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, ती बहुधा रात्री, आणि दंश दुखत नसल्याने कळतही नाही. तंबूची चेन पूर्ण बंद ठेवणं हा सगळ्यात चांगला उपाय. दिवसाही उघडी ठेवू नका. बूट आत घ्या, सकाळी झटकून घाला. दगड उचलणाऱ्या मुलांना फुरसं आणि विंचवाचा धोका असतो, म्हणून दगड आधी लांब काठीने उलटवून बघायची सवय लावा. साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, तो हात किंवा पाय हलू न देता थेट दवाखाना. १०८ ला फोन लावा आणि गावातल्या दादांची जीप मिळत असेल तर रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नका. राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे. लाल विंचू चावलेल्या मुलाला दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडले तर तेही तितकंच तातडीचं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन वापरायला सुरुवात केल्यापासून कोकणात असंख्य जीव वाचले आहेत, पण ते डॉक्टरांनीच द्यायचं औषध आहे. फोनचं नेटवर्क आतल्या गावांत भरवशाचं नसतं. कुठे रेंज येते ते पोचल्या पोचल्या विचारून ठेवा.

थंडी खालून लागते. मुलाखाली दोन चटया घाला, वर एक पांघरूण कमी चालेल. मोठ्यांच्या स्लीपिंग बॅगेत मूल झोपवायचं तर पायाकडचा रिकामा भाग दुमडून खाली घाला, नाहीतर तो गार राहतो. शेगडी, मेणबत्ती, कोळसा तंबूच्या आत कधीही नाही. आग लागते, आणि बंद जागेत विषारी वायू साठतो. अभयारण्यात लाकूड तोडून शेकोटी करू नका. शौचासाठी खुरपं घ्या, पाण्यापासून साठेक मीटर दूर, वीतभर खड्डा, वर माती. डायपर आणि ओले रुमाल पुरायचे नाहीत, पिशवीत घट्ट बांधून परत न्यायचे.

मधेच थांबायची वेळ आली तर

मुलाला ताप आला, जुलाब झाले, किंवा नुसतंच "घरी जायचंय" म्हणून ते सकाळपासून रडत असेल तर फेरा तिथेच सोडा. पिकअप किंवा जीप ठरवून सायकली गाडीत मागे टाकायच्या आणि शेंडीला यायचं. त्यासाठी लागतील तेवढे रोख पैसे वेगळ्या पाकिटात ठेवा. जुलाबाला ओआरएसची पाकिटं, तापाला मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध. आमच्या पहिल्या खेपेला आम्ही असंच घाटघरहून पिकअपने परत आलो होतो. लेक ड्रायव्हरदादांच्या शेजारी बसून गाणी म्हणत आली.

शेंडीला पोचलात की आधी मुलाला जेवायला घाला, मग सायकली गाडीवर चढवा. घरी आल्यावर चेन धुऊन तेल द्या, सीटचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा, पट्ट्यांची बकलं तपासा. तंबू दवाने ओला झालेला असतो, गुंडाळून ठेवला तर बुरशी धरतो. तो गच्चीवर उभा करून वाळवा. आमची लेक त्यात अजून एक रात्र झोपते, मग दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मिळून घडी घालतो.